रोशापरीचे तीन थेंब

डोंगरावरचं रोशाचं गवत पिकलं की त्याचा वास उतारावरून धावत खाली यायचा. गुलाबासारखा गोड आणि आल्यासारखा जरासा तिखट. गवताचे इवले इवले तुरे सकाळच्या उन्हात लालसर, जांभळे, सोनेरी होऊन लुकलुकायचे. त्या डोंगराच्या पायथ्याशी कुडाच्या एका झोपडीत नवशी आणि तिची आई राहायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, काय सुगंधी घर आहे! पण वासाने कुणाचं पोट भरलंय? त्या घरात भाकरी असली तर कालवण नसायचं, आणि कालवण असलं तर नेमकं मीठ संपलेलं असायचं.

नवशीची आई डोंगराच्या एका उतारावरचा रोशा कापायची. गवताचे भारे खालच्या भट्टीत जायचे. तिथे मोठ्या हंड्यात गवत शिजायचं, त्याची वाफ नळीतून जाऊन थंड व्हायची आणि थेंब थेंब तेल निघायचं. ढीगभर गवताचं जेमतेम बाटलीभर तेल. भट्टी होती बयाजीतात्यांची, डोंगर त्यांचा आणि झोपड्याही त्यांच्याच. त्यांचा नियम साधा होता. जो उतार कापेल, तो उताराखालच्या झोपडीत राहील. उतार सुटला की झोपडीही सुटली.

त्या वर्षी ऐन कापणीत आईचे गुडघे धरले. उठायचं तर भिंतीचा आधार, बसायचं तर तोंडातून "आई गं." तुरे झडायला दहाच दिवस उरले होते. तात्या दारात येऊन उभे राहिले.

"हौसा, तुरं झडायच्या आत उतार मोकळा पायजे बघ. न्हाईतर मला दुसरं माणूस लावावं लागंल."

"करते तात्या," आई म्हणाली. तात्या गेल्यावर ती डोंगराकडे पाहत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते नवशीला दिसू नये म्हणून ती चूल फुंकल्यासारखं करत होती. चूल तर पेटलेलीच नव्हती! नऊ वर्षांच्या त्या पोरीने विळा उचलला आणि ती एकटीच उतारावर गेली.

दुपारपर्यंत तिचा एक भारा झाला. तो डोक्यावर घेणार तोच आतून बारीकसा आवाज आला, घुंगरात अडकून मुंगी रडावी तसा. नवशी थबकली. वारा सुटला होता. भारा सोडला तर सकाळपासूनची सगळी मेहनत उडून जाणार होती. नवशीने एकदा भाऱ्याकडे पाहिलं, एकदा कान लावून ऐकलं आणि गाठ सोडून टाकली.

गवत भुर्रकन उडालं, आणि मधोमध उभी राहिली एक परी! अंगठ्याएवढी, जांभळ्या तुऱ्यांचं परकर-पोलकं घातलेली, पंख दवासारखे झगमगणारे. केस मात्र अगदीच विस्कटलेले.

"बाई बाई बाई!" परी पंख झटकत म्हणाली. "जरा डुलकी लागली, तर तू मला बांधूनच टाकलंस की!"

पऱ्यांना डुलकी लागते का, असं कुणी विचारू नका. दुपारच्या उन्हात, अशा वासात, तुम्हालाही लागेल.

"चुकले मी," नवशी म्हणाली. "कुठं लागलं तर न्हाई ना?"

परीने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिने कमरेची एक कुपी सोडली. कुपी गुंजेएवढी, आणि आत सोनेरी रंगाचे तीनच थेंब. "मी रोशापरी. या एकेका थेंबात शंभर भाऱ्यांचं बळ आहे, आणि एकेका थेंबामागे तुझी एक इच्छा पुरी होईल. पण सोन्या, माझं तेल फार तापट आहे हं. त्याचे नियम आहेत."

"सांग की."

"माझा थेंब कधी एकटा पाठवू नकोस. त्याला सोबत दे. एका थेंबाला दोन मोठे चमचे खोबरेल. आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लाव आणि एक दिवस थांब. कातडी रुसली नाही, तरच पुढे. तो डोळ्यांत, तोंडात, जखमेवर जाता कामा नये. प्यायचा तर नाहीच नाही. आणि तान्ह्या बाळाला माझं तेल अजिबात नको. सोबत दिलीस तरी नको." एवढं बोलून परी तुऱ्यांमध्ये मिसळून गेली.

नवशी घरी धावत सुटली. सगळे नियम तिला पाठ झाले होते. पण पहिल्याच नियमापाशी तिचं पाऊल अडखळलं, आणि का ते सांगायलाच हवं. कापणाऱ्या प्रत्येकाला वाट्याचं थोडं तेल मिळे. ते बाजारात जाण्याआधी बयाजीतात्या त्यातला एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून उन्हात ठेवत. कोरं तेल उडून जाई आणि कागद होता तसा राही. कुणी त्यात खोबरेल मिसळलं असेल तर कागदावर तेलकट डाग उरे. मग त्या माणसाचं नाव साऱ्या भट्टीसमोर घेतलं जाई. त्या डोंगरावर मिसळणं म्हणजे चोरीच. हौसाबाईचा कागद कधी डागाळला नव्हता आणि तिला त्याचा केवढा अभिमान होता!

'परीच्या तेलात भेसळ करू?' नवशीला वाटलं. 'आणि आईचं दुखणं एवढं मोठं, त्याला पातळ औषध कसं पुरणार?' तिने कुपी उघडली आणि एक कोरा थेंब सरळ आईच्या उजव्या गुडघ्यावर सोडला.

"आई आई आई!" हौसाबाई कळवळली. "जाळ झाला गं, जाळ!"

गुडघा लालबुंद झाला. नवशीने घाबरून तांब्याभर पाणी ओतलं, तशी आग विझायची सोडून पोटरीपर्यंत पसरली. नवशी रडत अंगणात धावली. "परी, ये गं! माझ्या हातनं वंगाळ झालं!"

तुळशीच्या मंजिरीवर एक ठिणगी चमकली. "पाण्याचं आणि माझं पटत नाही," परी घाईघाईने म्हणाली. "खोबरेलात फडकं भिजव आणि हलक्या हाताने पुसून घे. तेलाला तेलच उचलतं. मग साबणाने धू."

नवशीने तसं केलं. हळूहळू आग शमली, पण कातडी सोललेल्या टोमॅटोसारखी झाली. "आता तिथे काही लावू नकोस, ती आपोआप भरून येऊ दे," परी म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, म्हणून तर नवशीला जास्तच वाईट वाटलं.

"मला वाटलं, जास्त दिलं की लवकर बरं हुईल."

"तुझी आई तुला जवळ घेते, तेव्हा सगळी ताकद लावून आवळते का?"

नवशीने 'नाही' अशी मान हलवली. तिला जेवढं कळायचं तेवढं कळलं.

दुसऱ्या थेंबाला तिने सोबत दिली. वाटीत दोन मोठे चमचे खोबरेल, त्यात एकच थेंब. आईच्या कोपरावर टिकलीएवढं लावलं आणि दिवसभर दर घटकेला जाऊन पाहिलं. शेवटी आई वैतागून म्हणाली, "अगं, हात हाय का अंडं हाय? किती बघशील!" कातडी रुसली नाही. मग नवशीने आईच्या डाव्या गुडघ्याला हलक्या हाताने तेल चोळलं आणि इच्छा मागितली. वाटीतून मंद सोनेरी उजेड दरवळला. दुसऱ्या दिवशी डावा पाय असा सरळ झाला, जणू तो कधी दुखलाच नव्हता.

आता एक थेंब राहिला होता आणि एक गुडघा. सोललेली कातडी भरून येईपर्यंत थांबायचं होतं. एका पायावर डोंगर चढता येत नाही, म्हणून नवशी रोज एकटी कापायला जायची आणि आल्यावर आधी गुडघा बघायची. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिथे नवी, गुलाबी कातडी दिसू लागली. "अजून दोन दिवस, आये," नवशी म्हणाली. तुरे झडायलाही तेवढेच दिवस होते.

त्याच सकाळी बयाजीतात्या अनवाणी धावत आले. त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली त्यांची नात होती, तीन महिन्यांची. तिचं नाक चोंदलं होतं आणि छातीतून घर्र घर्र आवाज येत होता.

"नवशे, तुझ्याकडं परीचं तेल हाय म्हणं. हौसाचा पाय बरा झाला, समद्यांनी बघितलं. दे पोरे, हिच्या छातीला चोळतो."

नवशीने कुपी मुठीत घट्ट धरली. "तात्या, ते तान्ह्या बाळाला चालत न्हाई."

"खोबरेल घालून दे मग. डाग पडला तरी मी काय म्हणणार न्हाई."

"तरीबी न्हाई चालत."

तात्यांच्या डोळ्यांत आधी अविश्वास आला, मग राग. "आईसाठी हाय आणि माझ्या नातीला न्हाई? ऐक, आत्ताच्या आत्ता दिलं न्हाईस, तर तो उतार बी गेला आणि ही झोपडी बी!" त्यांनी कुपीकडे हात पुढे केला.

नवशीने आईकडे पाहिलं. कूड पाहिला, चूल पाहिली, आईचा उजवा गुडघा पाहिला. मग त्या बाळाची इवलीशी छाती पाहिली, कशी वर-खाली होत होती. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, त्या डोंगरावर एवढं अवघड काम आजवर कुणीच केलं नव्हतं. नवशी दाराबाहेर धावली आणि शेवटचा थेंब तिने मातीत सांडून टाकला.

तात्या दगडासारखे उभे राहिले.

"आता ते कुनाचंच न्हाई," नवशी हुंदके देत म्हणाली. "तात्या, आपन दवाखान्यात जाऊ या. मी पळत फुडं जाऊन नर्सबाईंना सांगते. तुमी बाळाला उभं धरून आना, आडवं नका धरू. पण चला!"

काय झालं कुणास ठाऊक, पण तात्या निघाले. नवशी काट्याकुट्यांतून पुढे धावली. खालच्या गावातल्या दवाखान्यात नर्सबाईंनी बाळाला तपासलं, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घातले, नाक मोकळं केलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी औषध दिलं. दुपारपर्यंत घरघर कमी झाली आणि बाळ दूध पिऊ लागलं.

"छातीला काही चोळलंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," तात्या म्हणाले.

"बरं झालं. असल्या उग्र तेलाने एवढ्याशा बाळाचा श्वास आणखी कोंडला असता."

तात्या बाहेर आले. पायरीवर नवशी पायातला काटा काढत बसली होती. ते तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो काटा काढला. "मी तुझं घर काढून घेणार व्हतो, पोरे," ते म्हणाले. "आणि तू माझं राखलंस. आता ती झोपडी तुमची. उतार कापा, नका कापू, तुमाला तिथनं कुनी उठवनार न्हाई."

नवशीला आनंद झाला, खूप झाला. पण घराकडे चालताना तिला सारखा आईचा गुडघा आठवत होता. घर राहिलं होतं, थेंब मात्र संपला होता. आईला ती कसं तोंड दाखवणार होती?

आई अंगणात बसली होती, थेंब सांडला होता तिथेच. त्या मातीतून रोशाचं एक कोवळं पातं वर आलं होतं आणि त्याच्या टोकावर परी बसली होती. ऊन कलतं होतं. परीच्या पंखांतून त्याचे जांभळे, गुलाबी, केशरी कवडसे आईच्या मांडीवर नाचत होते.

"तिसरी इच्छा मी वाया घालवली," नवशी खाली मान घालून म्हणाली.

"वाया?" परी हसली. "पहिला थेंब तू न ऐकता दिलास. दुसरा नीट ऐकून दिलास. तिसरा द्यायचाच नव्हता, आणि तो न देणं सगळ्यात कठीण होतं. कुपीत तीनच थेंब होते, नवशी. पण इच्छा पुऱ्या करायला मला दर वेळी तेल लागतं, असं कुणी सांगितलं तुला?"

परी उडाली आणि आईच्या उजव्या गुडघ्यावर तिने आपले दोन्ही इवलेसे तळहात ठेवले. मग ती विरघळू लागली. आधी परकर, मग पंख, शेवटी ते विस्कटलेले केस. सगळं अंगण सोनेरी उजेडाने भरून गेलं, तो उजेड कुडातून आत शिरला, डोंगरावर चढला, एकेका तुऱ्याला लागला आणि निवला. पात्यावर कुणी नव्हतं.

हौसाबाईने जमिनीला हात टेकला. मग तो उचलला. ती कशाचाही आधार न घेता उभी राहिली, दोन पावलं चालली, नवशीकडे बघून हसली, आणि विळा घेऊन उतार चढू लागली. भरभर, पोरीसारखी.

"आये," धापा टाकत मागून पळणारी नवशी ओरडली, "अगं, हळू चाल की! मला गाठता येईना!"