आवडाईची राख

फार वर्षांपूर्वी, कातळखिंडीत अजून डांबर पडलं नव्हतं आणि गाडीवाट उघड्या खडकावरून जात होती, तेव्हा खिंडीच्या माथ्यावरच्या गारमाची गावात आवडाई नावाची एक कुंभारीण राहत होती.

गारमाचीची थंडी ठाऊक नसेल, तर मार्गशीर्षात एकदा या. पहाटे गवतावरचं दव गोठतं आणि पाय पडला की पापड मोडल्यासारखं वाजतं. खडकावर गोठलेलं मात्र वाजत नाही आणि दिसतही नाही. बैल बेसावध पाय टाकतो आणि गाडीसकट दरीकडे निघतो. त्या गोठलेल्या दवाला गावात काच म्हणतात. हा शब्द आवडाईनंच दिला, असं म्हणतात.

तिचा नवरा ऐन तरुणपणी, गाढवावर मडकी लादून उतरताना, त्या काचेवरूनच दरीत गेला होता. तेव्हापासून आवडाई थंडीवर नजर ठेवून असे. छपरावर मातीच्या पसरट परळात पाणी ठेवी, वारा पडला की कान टवकारी, चुलींचा धूर वर न जाता दरीत बसून राहिला की तिच्या कपाळाला आठी पडे. मग संध्याकाळी उंचवट्यावर उभी राहून ती गावाला सांगे की उद्या काच आहे, ऊन चढल्यावर गाड्या सोडा. आणि जो ऐकत नसे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, कारण बाई मायाळू असली तरी तोंडानं भारी फटकळ होती. तिनं काच सांगितली की कावळेसुद्धा ऊन येईपर्यंत झाडावरून हलत नसत, असं म्हणतात. कावळ्यांचं मला माहीत नाही, गाडीवान हलत नसत एवढं खरं.

तरी एकदा गावानं तिचं ऐकलं नाही. त्याला कारणही तसंच होतं.

तुळाजी पाटलाच्या मुलाचं लग्न खालच्या खोऱ्यात लागलं. वरातीच्या गाड्या घाटाच्या पायथ्याशी मुक्कामाला होत्या. दिवस उगवायच्या मुहूर्तावर नवी सून पाटलाचा उंबरा ओलांडणार होती. मग गावानं हौस करायची ठरवली. आदल्या संध्याकाळी बायकांनी घागरी भरून आणल्या आणि दारापासून खिंडीच्या पलीकडच्या टोकापर्यंतच्या सगळ्या वाटेवर शेणपाण्याचा सडा घालायला घेतला.

आवडाई धावत गेली. पाटलीणबाईंच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "पाटलीणबाई, आज पान्याचा थेंब बी वाटंवर टाकू नगा. सकाळच्याला समदी खिंड काचंची हुईल."

पाटलीणबाई म्हणाल्या, "बिनसड्याच्या वाटेनं सून आनू व्हय मी? ती काय पळवून आनलेली हाय?"

शुभकार्याला सडा नाही म्हणजे अपशकुनच. बायका आवडाईकडे न बघता पाणी शिंपत राहिल्या आणि आवडाई मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत घरी आली.

झुंजुमुंजू झालं तेव्हा छपरावरचा परळ गारठ्यानं दुभंगला होता. खिंड या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखत होती. तुळाजी पाटील गाड्यांना थांबवायला पुढे झाले, पहिल्याच पावलाला पाठीवर पडले आणि त्यांचं पागोटं त्यांच्या आधी वरातीच्या स्वागताला गेलं. हसायची वेळ नव्हती. सनईच्या आवाजात हाका ऐकू जाईनात. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि गाड्या चढणीला लागलेल्या. तिथं गाडी वळवायला जागाच नव्हती.

राख टाकली असती तर बैलांचे खूर धरले असते. पण लग्नाच्या सारवणात घरोघरच्या चुलींची राख उकिरड्यावर गेली होती आणि दवानं तिचा चिखल झाला होता. कोरडी राख गावात एकाच ठिकाणी होती, आवडाईच्या आव्यात, मडकी भाजायच्या भट्टीत. त्या आव्यात संक्रांतीची सुगडं भाजत होती. आसपासच्या सगळ्या गावांची सुगडं तीच करी आणि त्यावरच तिचं वर्ष निघे. तापलेला आवा थंडीत उघडला की एकूण एक सुगड तडकणार, हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं?

पदर खोचायला लागतो तेवढा वेळ ती थांबली, असं म्हणतात. मग म्हणाली, "माझा मानूस गेला ह्या कातळावरनं. आता कुनाची लेक न्हाई जाऊ द्यायची."

तिनं आवा फोडला. आत सुगडं लाह्या फुटाव्यात तशी तडातड वाजू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. निखाऱ्याची धग असलेली राख पाटीत भरली आणि अनवाणी खिंडीकडे धावली. राख पडेल तिथं काच फसफसून विरत गेली. एका पाटीत सगळी खिंड कशी भागली, ते मला विचारू नका. ती मूठ भरे आणि पाटी होती तेवढीच राही, असं म्हणतात. नवरीच्या गाडीचा डावा बैल घसरला, एक चाक दरीवर आलं, सनई थांबली. आवडाईनं खुरांखाली राख ओतली आणि चाकाला खांदा दिला. बैलाला पाय रोवता आला. जिथं तिची पावलं पडली तिथं आजही काच धरत नाही, असं म्हणतात.

नवरीचं नाव गोजरा. खिंडीतून ती पायीच वर आली आणि पाटलाच्या दारात उभी राहिली तेव्हा तिची पावलं घोट्यापर्यंत राखेनं माखली होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. नव्या सुनेच्या पायाला राख म्हटल्यावर बायकांची तोंडं उतरली. कुणीतरी पाय धुवायला पाणी आणलं. गोजरानं पाय मागे घेतला.

"ही राख नसती तर म्या ह्या दारापतूर आलेच नसते," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

आणि तिनं तशाच पायानं माप लवंडलं. पाटलीणबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

संक्रांत आली. आवडाई तडकलेल्या सुगडांचा ढीग पुढ्यात घेऊन दारात बसली होती. फुटकं सुगड पुजत नाहीत, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? दूरचे कुंभार धड सुगडं घेऊन गावात शिरलेही होते. तेवढ्यात सुगडांच्या बदल्यात द्यायला सूपभर नाचणी घेऊन पाटलीणबाई आल्या, मागं गोजरा. दोघींनी ढिगातली सगळ्यात जास्त तडे गेलेली सुगडं निवडून घेतली. मग सगळा गाव आला. त्या दिवशी फटकळ आवडाई येईल त्याच्या हातात तडकलेलं सुगड देत गेली आणि पदरानं डोळे पुसत गेली, असं म्हणतात.

आज खिंडीत डांबर आहे. तरी मार्गशीर्ष-पौषात गारमाचीत कुणी सडा घालत नाही. घरोघरची राख खिंडीच्या तोंडाशी साठवतात आणि एस.टी.चा ड्रायव्हर पहाटे गाडी थांबवून ती आपल्या हातानं वळणावर टाकतो. नवी सून राखेत पावलं बुडवूनच माप ओलांडते. आणि संक्रांतीला पुजायच्या सुगडांत एक तडकलेलं लागतंच, त्याला आवडाईचं सुगड म्हणतात. कुंभारानं सगळी धड आणली तर घरची बाई त्यातलं एक उंबऱ्यावर हलकेच आपटते. बाहेरगावची सून पहिल्या वर्षी हे बघून दचकते. मग सासू तिला जवळ बसवून कातळखिंडीतली ती सकाळ सांगते, आणि आपटायला पुढचं सुगड तिच्या हातात देते.