फोनसाठी काढलेली जवारी

“चांगला आहे की नाही, एवढंच सांगा, उस्ताद.”

सिद्रामने हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल उस्तादांनी तिसऱ्यांदा चहाचा घोट घेतला.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत उस्तादांचा कारखाना. सिद्राम तिथे अकरा वर्षं तंबोरे घडवायला शिकला, मग पुण्याला गेला आणि फोनवरून तंबोरे विकू लागला. धंदा असा चालला, की आज त्याच्या दुकानाच्या नावाखाली दोन हजारांवर अभिप्राय होते आणि बहुतेकांनी पाचपैकी पाच स्टार दिले होते.

आज तो नवा तंबोरा घेऊन आला होता. उस्ताद दोन शब्द बोलतील, त्याचा व्हिडिओ टाकला की विक्री दुप्पट होईल, असं घरी सांगून निघाला होता. फोन त्याने एका वाळलेल्या भोपळ्याला टेकवून ठेवलाही होता.

खरं कारण वेगळंच होतं. अकरा वर्षांत उस्तादांनी त्याच्या एकाही कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. बिघडलं तर ते परत त्याच्या हातात यायचं. जमलं तर उस्ताद दुसरं काम पुढे सरकवायचे. त्या एका शब्दासाठी सिद्राम अजून झुरत होता. फोन वाजला की त्याचा जीव क्षणभर वर यायचा आणि कुणा अनोळखी माणसाचं कौतुक वाचून हिरमुसायचा. उस्तादांकडे साधा बटणांचा फोन, ते काय लिहिणार, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच? तरी तो दर वेळी उघडून बघायचाच.

“लोक काय म्हणतात?” उस्तादांनी विचारलं.

सिद्रामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने फोन उचलून वाचायला घेतलं. पॅकिंग एकदम भक्कम. दोन दिवस आधीच मिळाला. व्हिडिओत ऐकला तसाच वाजतो.

“व्हिडिओत ऐकला तसाच...” उस्ताद पुटपुटले आणि त्यांनी तंबोरा जवळ ओढला.

चारही तारा छेडल्या. आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला.

“जवारी फार उघडी काढलीस.”

जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्या माथ्यावर कानस फिरवून काढलेला नाजूक उतार. तारेचा झणकार तिथूनच येतो. सिद्रामने लपवाछपवी केली नाही. त्याने सांगून टाकलं, की तुम्ही शिकवलेली गोल जवारी फोनमध्ये नुसती घुमते, ऐकणारा पुढे सरकतो. जवारी उघडून झणकार वाढवला की गिऱ्हाईक थांबतं. म्हणून गेली चार वर्षं तो फोनला आवडेल तशी जवारी काढत आला होता.

उस्ताद रागावले नाहीत. रागावले असते तर सिद्रामला बरं वाटलं असतं.

“गा.”

हा कारखान्याचा रिवाज होता. ज्याने तंबोरा घडवला, त्यानेच त्याच्यासोबत षड्ज लावायचा. त्याशिवाय तंबोरा उंबरा ओलांडत नसे. पुण्यात सिद्राम व्हिडिओ काढायचा आणि खोकं बंद करायचा.

त्याने सा लावला. स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येईना. त्याने तो चढवला, तंबोरा हटेना. भर बाजारात लांबच्या माणसाला हाक मारावी, तसं ते गाणं झालं.

तो थांबला. मान वर करायची त्याला लाज वाटली.

उस्तादांनी कानस उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

सिद्रामने तारा सैल केल्या. हात आधी अडखळले, मग त्यांना सगळं आठवलं. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा. फोन दोनदा थरथरला. त्याने तिकडे पाहिलं नाही. बाहेर ऊन कलायला लागलं.

मग उस्तादांनी तंबोरा स्वतःकडे घेतला आणि ते छेडू लागले.

सिद्रामने डोळे मिटले. सा लागला... आणि लागूनच राहिला. कुणावर मात करायची नव्हती. इतक्या वर्षांत त्याने आपला आवाज एवढ्या जवळून ऐकला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

डोळे उघडले तेव्हा उस्तादांचा हात मांडीवर होता. तारा केव्हा थांबल्या, ते त्याला कळलंच नव्हतं.

“उस्ताद...” इतकं होऊनही ते मागणं गेलं नव्हतं. “आता तरी सांगा. चांगला झालाय का?”

उस्तादांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. सावकाश नाडी बांधली.

“घेऊन जा, बेटा. गाणाऱ्याला आता आपलाच सूर ऐकू येईल. याच्याबद्दल आता कुणी काही लिहिणार नाही.”