पिशवीतला रिमोट

टीव्ही खोक्याएवढे असायचे तेव्हाची गोष्ट. दसरा सरला होता आणि ऊन असं चटकत होतं, की सावलीत बसलेली माणसंही घामाने चिकट झाली होती. निवृत्तीतात्यांचा रिमोट मात्र त्या उकाड्यातही प्लास्टिकच्या पिशवीत होता, वरून दोन रबरं. नवा राहावा म्हणून तात्यांनी त्याला आणल्या दिवशीच गुंडाळलं होतं.

आता पिशवी पिवळी, कडक झाली होती. रिमोट आतून जीव तोडून सांगे, पण टीव्हीला ऐकू जाईना. मग तात्या त्याला तळहातावर फटाफट आपटायचे.

"मेलाय तो," शेवंताकाकू म्हणाल्या. "भंगारात द्या नि दुसरा आणा."

"अहो, मेलो नाही, गुदमरलोय!" रिमोट ओरडला. पण ऐकतो कोण?

देण्याआधी आतले सेल काढून घ्यावेत म्हणून तात्यांनी पिशवी फाडली. अंगठा चुकून बटणावर पडला आणि टीव्ही खणखणीत बोलू लागला.

"अगं, हा तर नव्यासारखा चालतोय!"

"मग आता तरी नीट जपा त्याला," म्हणत काकू साखरेची रिकामी पिशवी घेऊन आल्या. रबरंसुद्धा तीच.

रिमोट रडकुंडीला आला. फळीवर शेजारी एक विजेरी पडलेली असे. अंगभर पोचे, पण उभ्या जन्मात तिला कुणी गुंडाळलं नव्हतं.

"मी काय करू गं आता?" त्याने विचारलं.

विजेरी म्हणाली, "एकदा जमिनीवर पड बाबा. चांगला मोठा चरा पडू दे अंगावर. मग तुला कुणी जपणार नाही, नुसतं वापरतील."