दहा बोटं आणि एक चोच

राघूंच्या थव्यांनी पिंपळदरीचा मका सलग दोन वर्षं फस्त केला होता. म्हणून यंदा सगळ्यांनी एकच चांगलं बी पेरायचं ठरलं आणि ते निवडायला तालुक्याहून शेतीखात्याच्या धारूरकर साहेबांना बोलावलं. साहेबांना आपल्या ज्ञानाचा भारी तोरा. चावडीवर मांडलेल्या कणसांतून त्यांनी एक टपोरं कणीस उचललं. टोकाची पानं फाकून त्याचे दाणे बाहेर डोकावत होते.

"बी असावं तर असं," साहेब म्हणाले.

गर्दीतून कौतिकाबाई उठली. राघू आधी असल्याच कणसांवर बसतात, हे तिनं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन दोन्ही वर्षं पाहिलं होतं. तिनं घरच्या बियाण्याचं कणीस पुढं केलं. त्याची पानं टोकापर्यंत घट्ट आवळलेली होती.

साहेब ते सोलायला बसले. आधी नखं लावली, मग दात लावले. कपाळाला घाम आला, पण दाणा काही दिसेना. वैतागून त्यांनी कणीस आपटलं.

"हे कसलं बी? दहा बोटांनी उघडत नाही."

कौतिकाबाईनं कणीस उचलून पदरानं पुसलं.

"खरंय साहेब. राघूला तर एकच चोच असती."

त्या हंगामात गावानं कौतिकाबाईचंच बी पेरलं. गोफणी खुंटीलाच राहिल्या.