केरबाने केलेला डफ

बोरवाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? एकदा आई म्हणाली, "केरबा, चुलीवरच्या दुधाकडं बघ." दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. आई धावत आली तर केरबा जागचा हललेला नव्हता. म्हणाला, "सगळं बघितलं, आई. एक थेंब चुकवला न्हाई."

तर या केरबाच्या घराला एक मान होता. जत्रेत भैरोबाची पालखी निघाली की पुढे डफ वाजायचा तो यांच्याच घरचा. बाप होता तोवर बापाने वाजवला. बाप गेला, डफ आढ्याला लटकत राहिला आणि उंदरांनी त्याचा फडशा पाडला. कातडं खाल्लं, लाकडाचं कडंही सोडलं नाही.

जत्रा दीड महिन्यावर आली. पाटील म्हणाले, "मानाचा डफ घरीच करायचा असतो. तुझ्याच्यानं झाला नाही तर मान शिदूच्या घरी जाईल." शिदूने लगोलग फेटा रंगवायला टाकला.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने नवऱ्याला डफ करताना पाहिलं होतं. म्हणाली, "आपल्याच घरात होईल. पहिलं लाकूड आण."

केरबाने आंब्याचं ओलं खोड तोडून आणलं आणि लवकर वाळावं म्हणून भर उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं.

"आरं, उन्हात ठेवत्यात व्हय? सावलीला ठेवायचं आन् आठ दिस हात लावायचा न्हाई!"

"बरं," केरबा म्हणाला.

मग तो खाटकाकडून बकऱ्याचं ओलं कातडं घेऊन आला. ते त्याने सावलीत ठेवलं आणि आठ दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी शेजारणी नाकाला पदर लावून फिरू लागल्या. सातव्या दिवशी गावची कुत्री दारात सभा भरवून बसली. आठव्या दिवशी आईला वास कुठून येतो ते कळलं.

"मेल्या, कातडं पाण्यात भिजत घालायचं! रातभर!"

"बरं."

लाकूड तडकलं म्हणून लिंगाप्पा सुताराने जुनं, मुरलेलं खोड दिलं. कडं तासून कोरायला आपला लोखंडी पात्याचा वाकसही दिला. म्हणाला, "जपून ठेव बाबा. बापजाद्यांचा आहे." केरबाने जपून ठेवला. रात्रभर पाण्यात. सकाळी वाकसावर विटकरी गंज चढला होता आणि सुतासारखा सरळ दांडा फुगून वाकडा झाला होता. लिंगाप्पा मटकन खाली बसला.

"अरे लेका, हे लोखंड आहे! याला तेल चोपडायचं! चांगलं निथळेपर्यंत!"

"बरं."

बिचाऱ्या लिंगाप्पाने आपणच गंज घासला आणि आपणच कडं कोरून दिलं. आईने उभं राहून दुसरं कातडं भिजवून घेतलं, ताणून घेतलं, खिळे मारून घेतले. डफ झाला! आई देवाला साखर ठेवायला आत गेली. तेवढ्यात केरबाने डफाला तेल चोपडलं. चांगलं निथळेपर्यंत.

आईने थाप मारली. धप्प! भिजल्या घोंगडीवर मारावी तशी.

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कातड्यावर राख चोळली, पीठ चोळलं, पुन्हा राख चोळली, मग जाळापुढे धरून शेकलं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी डफ कडकडला. गावाने ऐकला. शिदूनेही ऐकला आणि फेटा पेटीत ठेवला.

मग तिने केरबाला वाजवायला बसवलं. दोन थापा मारून तो नाक खाजवायला थांबला.

"मधीच थांबायचं न्हाई! देवाला पाठ दाखवायची न्हाई. देवाकडं तोंड करून मागं मागं चालायचं. आन् पालखी खाली टेकेपतोर हात थांबवायचा न्हाई. कळलं?"

"बरं."

इथे बोरवाडीची एक रीत सांगायला हवी. पालखी उठली की टेकेपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही. बोलायचं ते डफाने. डफ थांबला की खांदेकऱ्यांनी पालखी टेकायची, त्याआधी नाही. मागे एका खांदेकऱ्याला विंचू चावला, तर त्याने नुसते डोळे वटारले होते.

जत्रेच्या दिवशी पालखी उठली. केरबा देवाकडे तोंड करून मागे मागे चालत असा वाजवत होता की म्हाताऱ्यांना त्याचा बाप आठवला. देऊळ आलं. केरबा पालखी टेकायची वाट बघत वाजवत राहिला. खांदेकरी डफ थांबायची वाट बघत चालत राहिले. देऊळ मागे पडलं.

देवळाच्या पायरीवर आई पंचारती घेऊन उभी होती. बोलायची सोय नाही. तिने आरती जोरजोरात हलवली. केरबाला वाटलं, आई ओवाळते आहे. त्याचा ऊर भरून आला. त्याने आणखी जोरात वाजवलं. पाटलांनी दोन्ही हात वर करून थांब, थांब अशी खूण केली. केरबाला वाटलं, पाटील नाचताहेत.

वेस गेली. ओढा गेला. गावाची शीवही गेली. दिवस कलता कलता केरबा पाठमोराच शेजारच्या कुसळवाडीत शिरला, तिथल्या दीपमाळेवर आदळला आणि उताणा पडला. त्याचं कोपर डफातून आरपार गेलं. डफ थांबला. खांदेकऱ्यांनी तत्क्षणी पालखी टेकली.

कुसळवाडीचे लोक नारळ घेऊन धावले. देव आपल्या पायांनी गावात आला, म्हणाले. जिथे पालखी टेकली तिथे देव वर्षभर राहतो, ही रीत दोन्ही गावांची. पाटलांना आता बोलता येत होतं, पण बोलायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केरबा फाटका डफ काखेत मारून घरी आला. आई उंबऱ्यातच बसली होती.

"केरबा, काय केलंस रं हे! आता आपल्या मानाचं काय?"

"रडू नगंस आई," केरबा म्हणाला. "मान कुठं बी गेला न्हाई. देव तेवढा गेला."