चिखलात भरला दरबार

राजा गजधराच्या लाडक्या हत्तिणीला, म्हणजे लाडूबाईला, समुद्रस्नान घडावं म्हणून तिवरगडच्या खाडीवर दगडी घाट बांधायचं ठरलं आणि कोळीवाड्याच्या तोंडचं पाणी पळालं. घाटाखाली खाडीचा सगळा चिखल बुजणार होता. इतरांना तो नुसता चिखल. मथुरी कोळणीला आणि तिच्या शेजारणींना मात्र त्यातूनच रोज ओहोटीला तिसऱ्या मिळायच्या आणि त्या शिंपल्या विकून घरची चूल पेटायची.

खाडीत कोणी जीव राहतो की नाही, हे तपासायचं काम राजाचे मेहुणे फत्तेराव यांच्याकडे होतं. ते ऐन भरतीला होडीतून आले, छत्रीखाली बसून वाटीभर बासुंदी संपवली आणि एकदा पाण्यात डोकावले. पाण्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. तेवढ्यावर त्यांनी दरबारात सांगून टाकलं, “महाराज, खाडीत कोणीही राहत नाही.”

मथुरी शिंपल्यांची पाटी डोक्यावर घेऊन तशीच दरबारात शिरली.

“कोण नाय म्हणतो? म्हाराज, तिथं एवढी वस्ती हाय की पाय ठेवायचा तर आधी विचारावं लागतं.”

“कोणाची वस्ती?” राजाने विचारलं.

“खेकड्यांची.”

दरबारात खसखस पिकली. राजा मात्र हट्टी होता. हट्टी माणसाला कोणी नाही म्हटलं की तो कायद्यावर बोट ठेवतो.

“आपला रिवाज तुला ठाऊक आहे ना? नवा दगड ठेवायच्या आधी तिथल्या रहिवाशांनी दरबारात यायचं आणि मानकऱ्यांबरोबर हात वर करून आपली हरकत किंवा संमती सांगायची. एकाचीही संमती आली नाही, तर दगड ठेवायचा नाही. येऊ देत तुझे खेकडे. पण स्वतःच्या पायांनी! पाटीत घालून आणलेस तर घाट उद्याच सुरू होईल.”

“आणि आले तर?”

“आले तर त्यांचा हातही मोजू.”

आता खेकड्याने गावातून चालत यायचं, गडाच्या पायऱ्या चढायच्या आणि पहारेकऱ्याला नाव सांगायचं, हे काही होणारं नव्हतं. फत्तेराव मिशीला पीळ देऊ लागले. मथुरीची जीभ मात्र शाबूत होती.

“म्हाराज, दरबार म्हंजे कुठं?”

“हा काय प्रश्न झाला? मी सिंहासनावर बसतो तिथे दरबार!”

“मग उद्या सकाळी ओहोटीला खाडीत बसा. आमची माणसं पायांनी अधू नायत, पण पायऱ्यांची त्यांना सवय नाय.”

राजाला हसू आलं. शब्दात अडकलो हे त्याला कळलं होतं, आणि राजाने दिलेला शब्द गिळायचा तरी कसा?

दुसऱ्या दिवशी सिंहासन चिखलात मांडलं. मानकरी गुडघाभर रुतून दोन्ही बाजूंना बसले. सगळीकडे शुकशुकाट. एकही खेकडा दिसेना.

“कुठे आहे वस्ती?” फत्तेराव खेकसले.

“तुमी आधी गप बसा,” मथुरी म्हणाली. “नुसती सावली हलली तरी ते घरात पळतात. कोणी हलू नका, बोलू नका.”

सगळा दरबार पुतळ्यासारखा बसला. कोणाच्या नाकाला खाज सुटली, कोणाच्या धोतरात पाणी शिरलं, पण राजा हलत नाही म्हटल्यावर हलायची छाती कोणाची? हळूहळू बिळांतून इवलेसे तांबडे खेकडे निघाले. एक नांगी बारीक आणि दुसरी अंगापेक्षा मोठी. बघता बघता सगळा चिखल त्यांनी भरून गेला. दोघे तर थेट राजाच्या पायापाशी आले.

राजाने ओठ न हलवता विचारलं, “घाटाला कोणाची हरकत आहे?”

खेकड्यांची रीतच अशी की उन्हाला बाहेर आले की मोठी नांगी वर करून हलवायची. हजारो नांग्या वर झाल्या! मथुरीचा जीव भांड्यात पडला.

पण फत्तेराव कसले ऐकतात! तेही दबक्या आवाजात म्हणाले, “महाराज, आता संमती विचारा.”

“घाटाला कोणाची संमती आहे?”

पुन्हा हजारो नांग्या वर. मथुरीचा चेहरा पडला.

“बघा!” फत्तेराव कुजबुजले. “जो दोन्ही वेळा हात वर करतो त्याचं मत बाद धरावं.”

“मान्य,” राजा म्हणाला. “खेकडे बाद. उरले माझे मानकरी, आणि त्यांची तर संमती आहे.”

मथुरीने दरबाराकडे बघितलं. खेकडे बिचकू नयेत म्हणून हळूच वर केलेले मानकऱ्यांचे हात अजून वरच होते. तिला एकदम हायसं वाटलं.

“म्हाराज, मग हे पण सगळे बाद करा. तुमी हरकत विचारलीत तवाही यांनी हात वर केले आणि संमती विचारलीत तवाही केले. तुमचं तोंड उघडलं की यांचा हात वर जातो. फत्तेरावांनीपण दोनदा केला.”

राजाने मान वळवून पाहिलं. फत्तेराव आपला हात घाईघाईने खाली घेत होते.

“म्हणजे घाटाला संमती कोणाचीच नाही?” राजा गरजला. खेकडे धूम बिळात. “आणि माझे मानकरी खेकड्यांच्या बरोबरीचे?”

“छे छे, म्हाराज. बरोबरी कशी होईल? खेकडे फुकट हात हलवतात, हे पगार घेऊन!”

राजा असा हसला की सिंहासन एका बाजूने चिखलात बसलं. घाट तिथल्या तिथे रद्द झाला. मथुरीला सोन्याचं कडं आणि खाडीची कारभारीण हा मान मिळाला. फत्तेरावांची नेमणूक तिच्या हाताखाली झाली: रोज ओहोटीला चिखलात बसायचं, खेकडे मोजायचे आणि एक शब्द बोलायचा नाही.