कोऱ्या कापडाची वात

"म्हणजे माझंच चुकलं म्हणायचं?" त्र्यंबकबुवानं विचारलं.

"मी कुठं म्हणते? तुळस म्हणतेय," अंबूमाय म्हणाली.

तुळस मान टाकून बसली होती. वरच्या कुंडीतली माती भाजल्यासारखी. खालच्या मडक्यातलं पाणी जसंच्या तसं. मधली कापडाची वात तेवढी ताठ, नव्या जावयासारखी.

टेकडीवरच्या त्या मठात पाणी खालून डोक्यावर वाहून आणावं लागे. म्हणून मायनं कुंड्या वातीवर लावल्या होत्या. चिंधीचं एक टोक खाली पाण्यात, दुसरं वर मातीत. झाड हवं तेवढं ओढून घेईल. शिष्याला, त्र्यंबकबुवाला, तिनं एवढंच सांगितलं होतं, "ही तुळस वातीवर जगव, मग प्रवचनाला बस."

आज संध्याकाळी गाव जमणार होतं. पाठांतर करकरून बुवाचा घसा बसलेला, आणि तुळस ही अशी!

"कोऱ्या मांजरपाटाची वात केली, माय. देवाचं झाड. वापरलेलं कसं लावू?"

"खळ धुऊन काढलीस? खळीचं कापड पाणी ओढत नाही."

"धुतल्यावर कोरं कुठं राहतं?"

"मग ठेव कोरं. आणि तुळशीला म्हणावं, मर."

बुवा लालबुंद झाला. "शास्त्रात सांगितलंय, माय..."

शास्त्र आठवायला माणसाला अशीच वेळ बरी सापडते.

अंबूमाय उठली. कोपऱ्यातलं पोतेरं उचललं. कधीकाळचं तिचंच लुगडं. धुऊन धुऊन जाळी झालेलं. टर्रकन पट्टी फाडली, पाण्यात बुचकळली, कोरी वात उपसून त्याच भोकातून ओवली आणि टोक मातीत दाबलं.

"माय! पोतेरं? तुळशीला?"

ती भिंतीला टेकून बसली... बुवाही बसला, तोंड फिरवून.

ऊन पायरीवरून उतरलं. बुवानं हळूच मातीला बोट लावलं.

ओल लागली.

बोट त्यानं पुसलं नाही. तसंच धरून राहिला...

खालून गलका ऐकू आला. माणसं टेकडी चढत होती.

"माय... मग आज मी बसू?"

अंबूमायनं उरलेलं पोतेरं त्याच्या मांडीवर टाकलं.

"ओसरी पुसून घे. मग बस."